भागिरथीच्या हाकेची चाल

निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'ज्येष्ठ संगीतकार अंगद मास्तर यांचा सत्कार व प्रकट मुलाखत. विषय : माझ्या गाण्यांमागची प्रेरणा.' ते वाचून मास्तरांना आधी हसू आलं आणि मग चीड आली. प्रेरणा! हा शब्द ज्याने काढला त्याला पोटासाठी चाल बांधावी लागली नसणार, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी पत्रिका खिडकीत ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

कॅसेटच्या जमान्यात अख्ख्या नगर जिल्ह्यात एक जत्रा, एक लग्न, एक प्रचारसभा मास्तरांच्या गाण्याशिवाय पार पडली नाही. कॅसेटी गेल्या, पण गाणी लोकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसली. केडगावच्या रस्त्यावर मास्तर भाजी घ्यायला निघाले तरी कोणीतरी पाया पडायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या चालीत लई माया हाय." मास्तर नम्रपणे मान लववायचे आणि मनात म्हणायचे, गाढवा, तुला माया आणि चेष्टा यांतला फरक कळत नाही.

कारण खरी गोष्ट त्यांना एकट्यालाच ठाऊक होती. मास्तरांना चाल आपणहून कधीच सुचली नाही. त्यांना माणसं ऐकू यायची. समोरचा काय बोलतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. तो कुठे चढतो, कुठे घसरतो, कुठे त्याचा श्वास तुटतो, तेवढंच त्यांच्या कानात उतरे. आणि ज्याचा सगळ्यात जास्त तिटकारा वाटे, त्याचं बोलणं सगळ्यात स्वच्छ ऐकू येई. मग घरी यायचं, पेटी पुढ्यात ओढायची आणि त्या माणसाची यथेच्छ नक्कल करायची. नकलेतून शब्द काढून टाकले की सूर उरत. त्या सुरांवर कवीचे शब्द बसवले की गाणं तयार. लोक ज्याला ठेवा वगैरे म्हणत होते तो सगळा असा चेष्टेतून जमलेला होता.

सत्तरी उलटल्यावर मास्तरांना या गुपिताचाच कंटाळा यायला लागला. एवढी चेष्टा केली आणि एकालाही ती कळू नये, याचं त्यांना वैषम्य वाटू लागलं. आपण मेल्यावर हे लोक शोकसभा घेतील, 'मातीतला संगीतकार' म्हणतील, आणि आपल्याला तोंड उघडता येणार नाही. त्यापेक्षा एकदाच, भर सभेत, एकेकाचं नाव घेऊन सांगून टाकायचं. टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले पाहिजेत. श्रीगोंद्याकडच्या कारखान्याने गळीत हंगामाच्या शुभारंभाला सत्कार ठेवला, तेव्हा मास्तरांनी ताबडतोब होकार दिला. ज्यांची चेष्टा करायची ते बहुतेक सगळे तिथे एकाच मांडवात सापडणार होते.

त्या सकाळी ते सदऱ्याची बटणं लावत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, भागिरथीबाईंचा मोबाईल वाजला. फोन त्यांच्या बहिणीचा, लंकाबाईचा, पाथर्डीकडून. बाई नेहमीप्रमाणे फोन घेऊन परसात गेल्या आणि जाताना मधलं दार ओढून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बहिणीशी बोलायचं ते परसातच. आपल्या कागाळ्या सांगत असणार, असं मास्तर समजत. समजत आणि सोडून देत, कारण बायकांच्या बोलण्याला कान देण्याइतके ते रिकामे नव्हते.

बाई आत आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "गाडी आली. चला."

कारखान्याची बोलेरो होती. गाडी पुणे रस्ता सोडून श्रीगोंद्याच्या वाटेला लागली तशी उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सुरू झाली. भागिरथीबाई खिडकीबाहेर बघतच बोलल्या.

"एक सांगू का?"

"सांग."

"स्टेजवर काय बोलायचं ते बोला. तुमचा सभाव मला नवा न्हाई. फक्त माझ्या गाण्याचं तेवढं बोलू नका."

"माझ्या गाण्याचं" म्हणजे 'भाकर झाली'. मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. जिल्ह्यातली प्रत्येक बाई ते गुणगुणायची, नवी सून घरात आली की डीजेवालासुद्धा ते लावायचा. संगीतकाराने बायकोवरच्या प्रेमातून ते केलं, अशी त्याची ख्याती होती. मास्तरांनी ती कधी खोडून काढली नाही. बिचारीला तेवढंच सुख, राहू दे, असा मोठेपणा त्यांनी स्वतःशी घेतला होता.

"का गं? लाजतेस काय या वयात?" मास्तर हसले.

"लाजते म्हना. पन बोलू नका."

"नाही बोलत. दिला शब्द."

शब्द देताना मास्तरांना काही जड गेलं नाही. बायकोला चार लोकांत मिरवायचा संकोच वाटतोय, एवढंच त्यांना कळलं. त्यांचं मन केव्हाच मांडवात जाऊन पोचलं होतं.

मांडव प्रचंड होता. आधी पूजा झाली, मग चेअरमन संदीपदादांनी गव्हाणीत उसाची मोळी टाकली आणि लाऊडस्पीकरवर मास्तरांचंच 'ऊस आला गं राजा' सुरू झालं. गव्हाणीचा पट्टा खडखडत ऊस आत ओढू लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शाल, नारळ, फेटा. फेटा बांधणाऱ्याने मास्तरांचे दोन्ही कान झाकून टाकले. मास्तरांनी तो वर सरकवला. आज कान उघडे हवे होते.

मुलाखत घ्यायला वैजनाथ नावाचे प्राध्यापक होते. असल्या प्राध्यापकांविषयी मास्तरांचं मत असं, की यांना प्रश्न विचारायचा नसतो, स्वतःचा आवाज ऐकायचा असतो. वैजनाथ सरांनी डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "मास्तर, सृजनाच्या त्या गूढ क्षणी नेमकं काय घडतं? 'ऊस आला गं राजा' या अजरामर गीताची प्रेरणा कोणती? काळ्या आईचं ऋण? घामाचं अत्तर?"

"खोकला," मास्तर म्हणाले.

मांडव शांत झाला. मास्तरांना बरं वाटलं.

"या कारखान्याचे जुने चेअरमन, हनुमंतआबा. आत्ताच्या चेअरमनसाहेबांचे वडील. आबांना बोलायला काही नसायचं. म्हणून प्रत्येक वाक्याआधी ते घसा खाकरायचे. एकदा लांब, मग दोनदा तुटक." मास्तरांनी माईकवर खाकरून दाखवलं. हुबेहूब. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या संचालकांनी दचकून मागे वळून पाहिलं. "समोर हजार माणसं उन्हात बसलेली आणि हा गृहस्थ अर्धा तास खाकरतोय. मला इतका वैताग आला, की घरी जाऊन मी तोच ठेका ढोलकीवर बसवला. गाण्याच्या सुरुवातीला जी ढोलकी ऐकून तुम्ही माना डोलावता, ती त्या माणसाच्या घशातली घरघर आहे. दरवर्षी तुम्ही इथे तीच वाजवता."

आता उठतील, असं मास्तरांना वाटलं. चेअरमन उठलेच. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"मास्तर," त्यांनी दुसरा माईक ओढून घेतला, "आमी घरात सगळे म्हनायचो, आबा गेले, आबा गेले. आज कळलं, आबा गेलेच न्हाईत. दरसाल मोळी टाकताना आबा खाकरत्यात आन् मगच कारखाना चालू हुतो! मंडळी, ह्या गव्हाणीवर आपन पाटी लावू. ही ढोलकी म्हंजे आबांचा खोकला हाय, आसं लिहून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी आबांच्या नावाने घोषणा दिली. ज्याची भर सभेत अब्रू काढली त्याच्या पोरानं ती हार म्हणून गळ्यात घातली.

वैजनाथ सर तर उचंबळून गेले होते. "आणि कानिफनाथांचं ते भक्तिगीत? 'नाथा तुझ्या गडावरी' ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात!"

"ते आमच्या केडगावच्या गोरक्षबुवांमुळे," मास्तर दात आवळून म्हणाले. बुवा समोरच बसले होते, गंध लावून. "बुवा जन्मभर भजन म्हणत आले आणि जन्मात एकदाही समेवर आले नाहीत. टाळ पडून जायचा आणि मग अर्ध्या मात्रेनं बुवांचा आवाज यायचा. डोळे मिटलेले. यांना वाटायचं, ही तल्लीनता आहे. ही तल्लीनता नव्हती, ताल कळत नव्हता. मी ती चूक जशीच्या तशी मुखड्यात घेतली. तुम्ही जिथे डोळे मिटता ना, तिथे बुवा चुकलेले आहेत."

गोरक्षबुवा काठी टेकत उभे राहिले. त्यांनी हात जोडले, पण मास्तरांना नाही, वर मांडवाच्या कापडाला.

"म्हंजे नाथानं चाल माझ्या तोंडून तुमच्यापत्तुर पोचवली म्हना की," बुवा म्हणाले. "मी खुळा समजत हुतो, मी चुकतोय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने बुवांचे पाय शिवले. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. असले लोक! यांच्या तोंडावर थुंकलं तरी गंगाजल म्हणून पुसतील. त्यांनी मग शाळेची प्रार्थनाही काढली. कारखान्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुरेखाबाई पोरांवर कशा खेकसायच्या आणि तेच खेकसणं रोज सकाळी पोरं हात जोडून कशी गातात, हे त्यांनी खेकसून दाखवलं. सुरेखाबाई खुर्चीत लाजून लाल झाल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा, मला सांगितलं पण नव्हतं कधी!" अख्खा मांडव खूश होता. सगळ्यांना गाण्यात जागा मिळत होती. मागच्या रांगांतून तर लोक विचारायला लागले, "मास्तर, आमच्या गावचं कोनाचं हाय का त्यात?"

आयुष्यभर जपून ठेवलेलं विष त्यांनी ओतलं होतं आणि लोक ते सरबत म्हणून पीत होते. फेटा पुन्हा कानावर आला होता. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

"आणि आता शेवटचं," वैजनाथ सरांनी आवाज हळवा केला. "ज्या गाण्यावाचून ही मुलाखत अपुरी आहे. 'भाकर झाली, या की वो'."

मांडवात नुसतं नाव घेताच टाळ्या पडल्या. मास्तरांनी पहिल्या रांगेत पाहिलं. भागिरथीबाई हिरव्या साडीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी नको म्हणून मान हलवली. अगदी थोडी, पण मास्तरांना दिसेल इतकी. मास्तरांना ती दिसली. शब्द दिलेला त्यांना आठवत होता.

"राहू दे ते," ते म्हणाले.

"राहू कसं द्यायचं?" चेअरमन हसत हसत माईकमध्ये बोलले. "आमच्या आबांच्या खोकल्याचं तुमी येवढं ग्वाड गानं केलं, मंग वहिनींवरच्या प्रेमाचं कसं केलं आसंल!"

प्रेम हा शब्द मास्तरांना झोंबला. तेवढा एक शब्द नसता, तर कदाचित ते गप्प बसले असते.

"प्रेम?" मास्तर म्हणाले. "ऐका तर मग. ही लग्न होऊन आली ती पाथर्डीच्या पलीकडच्या गावातून. तिकडे रानं लांब, घरातल्या माणसाला बांधावरून हाक मारायची सवय. आमचं केडगावचं घर दोन खोल्यांचं. मी पुढच्या खोलीत साथीदारांना घेऊन बसलेलो, शहरातली माणसं, रेडिओवर वाजवणारी. आणि चुलीपासून ही हाक मारायची, जशी काय मी शिवाराच्या टोकाला आहे." मास्तरांनी हाताचा कर्णा केला आणि भागिरथीबाईंची हाक मारली. "आवोऽ, भाकरी झाल्याऽ, या की वोऽऽ!" तो 'वो' पंचमावरून उचलला, वर कोमल निषादाला टेकवला आणि घसरत घसरत गंधारावर आणून सोडला. आवाज म्हातारा झाला होता, पण नक्कल अचूक होती. "साथीदार गालात हसायचे. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. असली अडाणी बायको पदरात पडली म्हणून. एके दिवशी मीच पेटी ओढली आणि तिची नक्कल करून दाखवली. ढोलकीवाला हसून हसून आडवा पडला. ते तुमचं 'भाकर झाली'. प्रेमबीम काही नाही."

मास्तर थांबले. आता तरी. पण लोक हसत होते, आणि ते हसणं अतिशय मायेचं होतं. बायका माना वळवून भागिरथीबाईंकडे बघत होत्या. वैजनाथ सर माईक घेऊन चक्क खाली उतरले.

"वहिनी, ज्या हाकेनं अख्ख्या जिल्ह्याला गाणं दिलं, ती मूळ हाक एकदा आम्हाला ऐकवा!"

भागिरथीबाई उठल्या. त्यांनी माईक हातात घेतला आणि तोंडापासून जरा लांब धरला. मांडव थांबला.

"भाकरी झाल्या. जेवायला या," त्या म्हणाल्या.

तारीख सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. सगळे शब्द एकाच सुरावर होते. लोकांना वाटलं, बाई घाबरल्या.

"तसं नाही वहिनी, गाण्यातल्यासारखं. ते 'या की वो' म्हणा!"

"ते म्हनत न्हाई मी आता."

"असं कसं? चाल तर तुमचीच आहे!"

"माझी हुती," भागिरथीबाई म्हणाल्या. त्यांनी स्टेजकडे पाहिलं नाही. "त्या दिवशी मी चहाचा ट्रे घिऊन दाराआड हुते. ह्यांनी माझी हाक पेटीवर वाजीवली, मानसं हसली. तवाच ठरीवलं, ह्या मानसाम्होरं आता सरळ बोलायचं. शिकले हळूहळू. ह्यांच्या ध्यानात बी आलं न्हाई."

त्यांनी माईक परत दिला आणि खाली बसल्या.

चेअरमननी टाळी वाजवली आणि सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. त्यांना ती गोष्टही आवडली होती. वैजनाथ सर त्यागाविषयी काहीतरी बोलू लागले. टाळ्या इतका वेळ चालल्या, की मास्तरांना खाली मान घालून बसावं लागलं. लोक म्हणाले, मास्तरांना गहिवरून आलं.

परतीच्या वाटेवर मास्तर कान देऊन ऐकत होते. बाई दोनदा बोलल्या. एकदा ड्रायव्हरला म्हणाल्या, हळू घ्या. एकदा मास्तरांना म्हणाल्या, काच लावा. मास्तरांनी ती वाक्यं मनातल्या पेटीवर ठेवून पाहिली. चढ नव्हता, उतार नव्हता, वाजवण्यासारखं काहीच नव्हतं. आबांच्या खाकरण्यातली तुटक मात्रा ज्या कानाला सापडली, त्या कानाला स्वतःच्या घरात एक गाणं बंद पडलेलं कळलं नाही. आणि कळलं नाही त्याचं कारण सरळ होतं. जिची एकदा मनसोक्त चेष्टा करून झाली तिचं पुन्हा ऐकायचं ते काय, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. गोरक्षबुवांची, आबांची कधी आली नव्हती इतकी किळस त्यांना स्वतःच्या कानांची आली. "चुकलं माझं," असं म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि आपलं 'चुकलं' कोणत्या सुरात निघेल याचाच ते विचार करू लागले. तेवढ्यात केडगाव आलं.

घरात शिरले तेव्हा दिवेलागण होत होती. बाईंनी चपला काढल्या, शाल खुंटीला लावली आणि मोबाईल वाजला. लंकाबाई. बाई परसात गेल्या. दार ओढून घेतलं.

मास्तर त्या दारापाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते या दाराला कान लावत होते.

"काय लंके, जेवलीस का गंऽऽ," पलीकडून आवाज आला.

'या की वो'चा तो हेल सगळाच्या सगळा तिथे होता. चढणारा, टेकणारा, घसरणारा. मास्तरांनी गाण्यात घेतला त्याहून कितीतरी मोठा. त्या हेलाला वयाने नवीन वळणं आली होती, मध्येच हसण्याने तो फुटत होता, आणि एका जागी तो अशा कुठल्या सुरावर जाऊन थांबला, की मास्तरांना त्याचं नावही सांगता येईना. इतकी वर्षं ही बाई रोज दार लावून गात होती. आणि आपण दाराच्या या बाजूला पेटी घेऊन माणसांची चेष्टा शोधत बसलो होतो.

त्यांच्या हाताचा धक्का लागून दार करकरलं. भागिरथीबाई वळल्या. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. एकाच सुरावर.

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.